खोलीतली चौथी

माझ्या मावशीला कारखान्यात तिच्या खऱ्या नावाने कुणीच हाक मारली नाही. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सुरुवातीला सगळे तिला मोत्या म्हणायचे. मग पॅकिंगमधल्या एका बाईने विचारलं, "अगं, हे कुत्र्याचं नाव ना?" तेव्हापासून ती मोतीबाई झाली. घरी या अक्षराचं कौतुक बेताचंच. माझी आई म्हणायची, "अक्षर छान आहे, पण पत्र लिहायला हिला कुणी नाही." मावशीने लग्न केलं नव्हतं. ती आणि आजी, दोघीच आमच्या घरापासून चार घरं टाकून दोन खोल्यांत राहायच्या.

कारखान्यात इंजेक्शनं तयार व्हायची. सगळ्यात आतल्या खोलीत काचेच्या बाटल्यांत औषध भरलं जायचं आणि मावशीची जागा तिथे होती. त्या खोलीत पोचायला तीन दारं ओलांडावी लागायची. पहिल्या दाराशी बाहेरचे कपडे, घड्याळ, अंगठी सगळं उतरवायचं. दुसऱ्याशी कोपरापर्यंत हात धुवायचे. तिसऱ्याच्या आधी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, डोळ्यांवर पारदर्शक चष्मा आणि हातमोज्यांचे दोन जोड. बाई असो, पुरुष असो, आत सगळे सारखेच. "आम्ही सगळे बटाटे," मावशी म्हणायची, "सोलल्यावर कुठल्या शेतातला कोण, कळतंय का?" माणूस ओळखायचा तो डोळ्यांवरून.

तिचं काम लिहिण्याचं. दर अर्ध्या तासाने खोलीचं तापमान, हवेचा दाब, हवेतल्या कणांचा आकडा आणि आत माणसं किती, हे सगळं तक्त्यात भरायचं. पेन्सिल चालायची नाही, तिची भुकटी पडते. साधा कागद तर विषासारखा. त्या खोलीसाठी वेगळाच कागद यायचा, फिकट निळा, दुहेरी पिशवीत बंद केलेला, एकेक पान मोजून दिलेला. छपाई चुकलेलं असं एक पान तिने मला एकदा आणून दाखवलं होतं. हाताला गुळगुळीत, किंचित रबरासारखं. मी ते फाडलं आणि शेजारी माझ्या वहीचं पान फाडून ठेवलं. वहीच्या पानाच्या कडेला बारीक लव आली होती, उन्हात धरली की दिसायची. निळ्या कागदाची कड सुरीने कापल्यासारखी साफ.

"ही लव दिसते ना," मावशी म्हणाली, "ही बाटलीत पडली आणि बाटलीतून कुणाच्या रक्तात गेली, की संपलं. आपल्याला ते माणूस कधी दिसणारसुद्धा नाही."

आतल्या खोलीत तिघंच काम करायचे. बाटल्यांवर बुचं बसवणारा एक माणूस होता, त्याला सगळे बुचवाला म्हणत. यंत्रावर घारी असायची. मांजरासारख्या घाऱ्या डोळ्यांमुळे तिला ते नाव पडलं होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. घारी मावशीहून दहा वर्षांनी लहान. नवरा परगावी कामाला, घरी एक लहान मुलगी. सहा वर्षं दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आत बोलायची बंदी, कारण बोललं तरी कण उडतात. त्यामुळे दोघी भुवयांनी बोलायच्या. मावशी सांगायची की घारीच्या भुवयांइतक्या शिव्या तिने आयुष्यात ऐकल्या नाहीत.

त्या वर्षी आजीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. उजवा हात तेवढा वाचला होता. माझी कॉलेजची रिंगवाली वही तिच्या उशाशी ठेवलेली असायची. काही हवं असलं की आजी पेन्सिलीने त्यात लिहायची, दिवसातून दोन-तीन शब्द. 'पाणी.' 'खिडकी.' एकदा माझ्याकडे बघून 'वजन वाढलं.' दुपारी कॉलेज सुटल्यावर मी तिच्यापाशी बसायचे, सकाळी शेजारच्या काकू.

एक दिवस सकाळी मावशीला उशीर झाला होता. ती दारात चपला घालत असताना आजीने पलंगावरून हात आपटला, वहीचं पान टरकावलं आणि पुढे केलं. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. मावशीने ते घेतलं, मुठीत चुरगाळलं आणि बस गाठायला धावली. बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. कारखान्यात पोचली तर सुपरवायझर दाराशी घड्याळ बघत उभा. चिठ्ठी वाचायची राहूनच गेली. कपडे बदलताना ती हातात आली. तेवढ्यात मागून हाक आली, "मोतीबाई, चला, यंत्र थांबलंय तुमच्यासाठी." वीस वर्षं नियम पाळलेल्या माझ्या मावशीने काय करावं? तिने चिठ्ठीची घडी केली, डाव्या तळव्यावर ठेवली आणि वरून दुसरा हातमोजा चढवला.

ती मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, आईने काहीतरी शेवटचं लिहिलंय."

सव्वाअकरापर्यंत तिने दम धरला. मग धीर सुटला. लिहिण्याच्या टेबलाखाली तिने वरचा हातमोजा अर्धा सोलला, चिठ्ठी काढली आणि उघडली. रिंगमधून टरकावलेल्या कडेची दशी दशी झालेली. त्यावर वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'दुधाचं पातेलं झाकलंस का?'

मावशीने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच क्षणी कण मोजणारं यंत्र ओरडायला लागलं. त्याची नळी तिच्या टेबलापासून हातभर अंतरावर होती. लाल दिवा लागला. मावशीने चिठ्ठी पुन्हा हातमोज्यात सारली आणि मान वर केली. घारी तिच्याकडेच बघत होती. डोळे विस्फारलेले, हात मास्कपाशी. दोघी तशाच उभ्या राहिल्या, भुवया न हलवता.

नऊ हजार बाटल्या बाजूला काढल्या गेल्या. मोठे साहेब आले. गाळण्या तपासल्या, दारांची रबरं तपासली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेने कळवलं की खोलीत कागदाचा तंतू सापडला आहे आणि तो निळ्या कागदाचा नाही. म्हणजे कुणीतरी आत कागद नेला होता. तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं.

"मोतीबाई, तुमच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आम्ही स्वतःवर घेण्यासारखं आहे," साहेब म्हणाले. "पण घारीला परवापासून सर्दी होती. टिश्यू नेला असेल का तिने? मागेही एकदा रुमालावरून तिला समज दिलेली आहे. तुम्ही समोरच असता. जे दिसलं ते लिहून द्या."

मावशीने पेन घेतलं आणि तक्त्याच्याच निळ्या कागदावर एकच वाक्य लिहिलं : 'सव्वाअकराच्या सुमारास घारीने नाकाशी हात नेलेला मी पाहिला.'

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. हेच तिला पुढे जन्मभर पुरलं. "खोटं लिहिलं असतं तर कधीतरी पकडलं गेलं असतं गं," ती म्हणायची. "खऱ्याला कोण पकडणार?"

घारीला विचारलं तेव्हा ती काही बोललीच नाही. खाली मान घालून बसली. साहेबांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. तिला आतल्या खोलीतून काढून खोकी बांधायला बसवलं. पॅकिंगमधल्या बायका तिला 'नऊ हजारी' म्हणायला लागल्या. दोन महिन्यांत तिने काम सोडलं. शेवटच्या दिवशी जेवणाच्या खोलीत ती मावशीच्या समोरून गेली, थांबली आणि म्हणाली, "ताई, येते." बस्स, एवढंच. मावशीच्या हातातला घास हातातच राहिला.

तिच्या जागी नवी मुलगी आली. काळेभोर डोळे, हसरे. पहिल्या आठवड्यात मावशी तक्ता भरून वर बघते, तर यंत्रापाशी मास्कच्या वर दोन घारे डोळे. तिने पापण्या मिटून उघडल्या. काळेच होते. थकवा असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं.

पण ते सुटलं नाही. काचेच्या भिंतीत तिघांची प्रतिबिंबं पडायची. त्यात कधी कधी एक पांढरा झगा जास्त असायचा, जरा मागे, दाराजवळ. वळून बघितलं की कुणी नाही. त्या खोलीत अंधार कधीच नसायचा. छतभर पांढरा उजेड, कोपऱ्यातसुद्धा सावली नाही. अंधारात दिसलं असतं तर मनाचे खेळ म्हणता आलं असतं, पण एवढ्या उजेडात काय म्हणायचं? मावशीने कुणाला सांगितलं नाही. डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, या वयात एवढी कुणाची नसते. तेव्हा तर ती जास्तच घाबरली.

घरीही तिचं काहीतरी बिनसलं होतं, रात्री झोप लागत नव्हती. आजीच्या वहीला ती हात लावेना. आजीने काही लिहिलं की मलाच म्हणायची, "तू वाच." दूध तापवलं की पातेल्यावर झाकण, झाकणावर ताटली. मी हसले की चिडायची. पुढच्या वर्षी आजी गेली, झोपेतच, शांतपणे. लोकांना वाटलं, मोतीबाई त्या दुःखाने खंगली.

मग एक दिवस तपासणीत तिचा तक्ता परत आला. 'आत माणसं किती' या रकान्यात तिने सगळीकडे तीन लिहिलं होतं. साडेबाराच्या ओळीत मात्र चार. मावशी त्या आकड्याकडे बघतच राहिली. अक्षर तिचंच होतं, सुबक, न थरथरलेलं. दुरुस्तीचा नियम असा की चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. तिने कारण लिहिलं : 'मोजण्यात चूक.'

पाच महिन्यांनी पुन्हा चार. तेव्हाही तेच कारण. त्यानंतर ती बोटाने मोजायला लागली. बुचवाला एक, नवी दोन, मी तीन. मला तिने सांगितलं, "आकडा बरोबर यायचा. पण खरं सांगू? मी घारीला वगळून मोजायचे."

अशी चार वर्षं गेली. तिसऱ्यांदा चार लिहिला गेला तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. तक्ता टेबलावर पसरलेला होता.

"मोतीबाई, काय चाललंय हे? वीस वर्षांत तुमच्या कागदावर खाडाखोड नव्हती. आत तिघं असताना हे चौथं कोण?"

"घारी," मावशी म्हणाली.

साहेबांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्यांनी पाणी मागवलं. मावशीने पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. चिठ्ठी, हातमोजा, दुधाचं पातेलं. साहेब बराच वेळ पेनचं टोपण उघडझाक करत बसले.

"ती फाइल केव्हाच बंद झाली," ते शेवटी म्हणाले. "त्या बाटल्या आपण नष्ट केल्या. कुणाला अपाय झाला नाही. ती बाई गेली, तिचं तिने काहीतरी बघितलं असेल. आता हे उकरून तुम्हाला काय मिळणार?"

"मला काही मिळवायचं नाही. मला त्या फाइलमध्ये लिहायचंय."

"आणि तुमच्या नोकरीचं?"

"ते तुम्ही बघा."

साहेब वाईट माणूस नव्हते. कुरकुर करत का होईना, त्यांनी जुनी फाइल काढायला सांगितली. चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य जसंच्या तसं होतं, त्या निळ्या कागदावर काहीही पुसट होत नाही. मावशीने त्यावर रेघ मारली नाही, कारण वाक्य खरंच होतं. तिने खाली नवं पान जोडलं आणि दोन्ही बाजू भरून लिहिलं. तिला आतल्या खोलीतून काढून कोठारात बसवलं गेलं. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, म्हणून घरी नाही पाठवलं. घारीला कारखान्याने पत्र धाडलं, की चौकशीत चूक झाली होती, परत कामावर यायचं असेल तर या. उत्तर आलं नाही.

महिनाभर वाट बघून मावशी स्वतःच निघाली. मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला एकटीला ते घर सापडायचं नाही." घर सापडायला अगदी सोपं होतं. तिला सोबत हवी होती.

घारी शाळेचे गणवेश शिवून द्यायची. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र, भोवती निळ्या-पांढऱ्या कापडाचे ढीग, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. डोळे खरंच घारे होते, पण त्यावर आता जाड भिंगांचा चष्मा होता. तिने मावशीला बघितलं आणि तिचा पाय यंत्रावरच थबकला.

"ये ताई, बस," ती म्हणाली. "पत्र आलं मला. मी फाडून टाकलं. मला कशाला बोलावतायत? चूक तर माझीच होती."

मावशी उभीच राहिली. "काय म्हणालीस?"

"त्या दिवशी नाक इतकं गळत होतं! मास्कच्या आत मी टिश्यूची घडी ठेवली होती. ती सरकली म्हणून दाबायला हात नेला आणि तेवढ्यात यंत्र ओरडलं. वर बघते तर तू माझ्याकडे बघतेस. म्हटलं, हिने पाहिलं. पण तू टिश्यूचं नाव घेतलं नाहीस, नुसतं नाकाशी हात नेला एवढंच लिहिलंस. साहेबांनी वाचून दाखवलं मला. मी किती वेळा मनात तुझे पाय धरले असतील. माझी ताई मला सांभाळून घेतेय, असं वाटलं."

मावशीने भिंतीला हात टेकला. मी तिला धरायला पुढे झाले, तर तिने मला मागे सारलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"दुधाचं पातेलं," घारी म्हणाली.

"हो."

"तुला माहीत आहे का, चार वर्षं मी या घरात टिश्यू येऊ दिलेला नाही? पोरीला सर्दी झाली तरी नाही. कुठे कुणी इंजेक्शन घेऊन मेलं असं कानावर आलं की मी विचारायचे, कुठलं औषध होतं? कुठल्या साली? लोक म्हणायचे, हिला वेड लागलंय. त्या बाटल्या नष्ट केल्या हेसुद्धा मला कुणी धड सांगितलं नाही. मला वाटायचं, एखादी निसटली असेल. रोज वाटायचं. आणि तू... तुला माहीत होतं."

"मला तू दिसायचीस," मावशी म्हणाली. "आत. रोज."

"मग मला हाक मारायची होतीस," घारी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिने पायाखालचं कापड गोळा केलं, मांडीवर घेतलं, परत खाली टाकलं. "ऊठ आता. नाही, उभीच आहेस. जा. मला आता काही बोलता येणार नाही."

आम्ही परत आलो. घरी आल्यावर चपला न काढता आजीच्या रिकाम्या पलंगावर बसून राहिली.

कोठारातल्या कामावरही ती चौथी बाई तिच्या मागे आली का, असं मी तिला एकदा विचारलं. "तिथे माणसं मोजून लिहायची नसतात," एवढंच म्हणाली. तिची झोप मात्र परत आली नाही. निवृत्त झाल्यावरही ती दुपारी आडवी व्हायची नाही. खिडकीपाशी बसून रस्त्याने जाणाऱ्यांचे चेहरे बघत राहायची. सगळ्यांचे चेहरे उघडे असतात, बघायला बरं वाटतं, असं म्हणायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका रविवारी भर दुपारी दार वाजलं. मी तिच्याकडेच होते, मीच उघडलं. घारी उभी होती, हातात शिवणाची पिशवी. केस बरेच पिकले होते. ती आत आली आणि मावशीसमोर खुर्ची ओढून बसली.

"माफ करायला आलेले नाही," ती म्हणाली. "राग गेलेला नाही अजून. जात नाही तो, मी काय करू? पण ताई, घरात कुणाला कळत नाही गं. सहा सहा तास नाक न खाजवता उभं राहायचं म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू? पोर म्हणते, आई, पुरे तुझी ती खोली."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायलाही ती विसरली.

"पाडली ती," मावशी म्हणाली. "गेल्या वर्षी. नवी इमारत बांधतायत."

"कळलं मला. बुचवाला भेटला होता."

मी चहा ठेवायला आत गेले. आधण आलं. मग घारीचा आवाज आला, हळू आवाजात काहीतरी विचारत. मग मावशीचा. मग पुन्हा घारीचा, जरा चढलेला. कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा दोघी भांडत होत्या. तिसरं दार डावीकडे सरकायचं की उजवीकडे, यावरून. मावशीने हवेत हात पुढे करून मूठ ओढून दाखवली. घारीने मान हलवली, उठून उभी राहिली आणि मावशीच्या बैठकीच्या खोलीत मधोमध थांबून, डोळे मिटून, हळूच पाऊल पुढे टाकलं.

"अशी मी यायचे," ती म्हणाली, "आणि तू इथे असायचीस. म्हणजे दार या हाताला. आठव ना नीट."